आजोबांचा रेडिओ आणि तुझा रविवार

सांगली

चि. मृण्मयीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

आजोबांचा रेडिओ बंगळुरूला सुखरूप पोहोचल्याचे तुझ्या फोनवरून कळले आणि जिवात जीव आला, कारण काचेच्या व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा) तो संच ट्रान्सपोर्टच्या गाडीतून एवढ्या लांब पाठवताना मी मनातून धास्तावलो होतो. येत्या रविवारी तो लावून पाहणार आहेस असे तू म्हणालीस, आणि तो वाजला नाही तर तिथला एक दुकानदार आतले सगळे काढून ब्लूटूथचे बोर्ड बसवून द्यायला तयार आहे असेही म्हणालीस. या दोन्ही गोष्टी तू करू नयेस असे मला वाटते. का, ते फोनवर नीट सांगता आले नसते, म्हणून हे पत्र.

पंचवीस-तीस वर्षे बंद असलेल्या व्हॉल्व्ह रेडिओचा प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये कधीही घालू नये. त्याच्या आत दोन प्रकारचे कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे भाग, आहेत. डब्यासारखा उभा अॅल्युमिनियमचा असतो तो फिल्टरचा. पडून राहिल्याने त्यातले रसायन सुकते किंवा आतला सूक्ष्म थर बिघडतो, आणि एकदम पूर्ण विद्युतदाब मिळाला की तो जवळजवळ शॉर्टसारखा वागतो. दुसरे मेणात बुडवलेले कागदी कंडेन्सर. कागद हवेतला ओलावा धरून ठेवतो, त्यामुळे ते रेडिओ वापरात असो वा नसो, गळू लागतातच. 1981 साली मी आयटीआयमध्ये शिकत असताना शेजारच्यांचा माळ्यावरचा रेडिओ असाच उत्साहाने लावला होता. तो दहा मिनिटे सुरेख वाजला. मग आवाज फाटू लागला, मेण तापल्याचा वास आला, आणि मागच्या जाळीतून पाहिले तर शेवटच्या व्हॉल्व्हच्या आतली राखाडी पट्टी निखाऱ्यासारखी लाल झाली होती. मी प्लग ओढला तोवर आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे वेटोळे जळले होते. त्या घरातल्या आजी मला काही बोलल्या नाहीत, पण पुढे निदेशक म्हणून मुलांना शिकवताना दरवर्षी पहिल्या दिवशी मी त्यांना हीच हकिगत सांगत असे.

हे का घडले ते तुला समजायला हवे, कारण तुझ्या रेडिओतही तोच व्हॉल्व्ह आहे. मागचे पुठ्ठ्याचे झाकण काढलेस की काचेवर नावे दिसतील: ईसीएच 81, ईएफ 89, ईबीसी 81, ईएल 84, ईझेड 80, आणि पुढच्या बाजूला हिरवा उजेड देणारा मॅजिक आय. ही नावे वाचता येतात. पहिले अक्षर 'ई' म्हणजे आतली तार 6.3 व्होल्टवर तापते. त्यापुढची अक्षरे व्हॉल्व्हची कामे सांगतात. आकड्यातला 8 म्हणजे खाली नऊ पिना. पहिले अक्षर 'यू' असलेले व्हॉल्व्ह आढळले असते तर मी तुला रेडिओ उघडूही दिला नसता. त्या काळी देशातल्या काही शहरांत डीसी वीज होती, म्हणून एसी-डीसी दोन्हींवर चालणारे संच निघत. त्यांत मेन ट्रान्सफॉर्मरच नसतो आणि लोखंडी चेसिस (ज्यावर सगळे भाग बसवतात तो सांगाडा) थेट मेनच्या एका तारेला जोडलेली असते. आपल्या संचात ट्रान्सफॉर्मर आहे, मी स्वतः पाहिलेला आहे. यातला ईएल 84 भारत इलेक्ट्रॉनिक्सचा आहे. तो तुझ्याच बंगळुरूत जन्मला आणि सांगलीत इतकी वर्षे काढून पुन्हा तिथे आला, याचे मला फार अप्रूप वाटते.

ईबीसी 81 ने थोडा मोठा केलेला आवाज ईएल 84 च्या ग्रिडकडे (प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या आतल्या जाळीकडे) जातो तो 0.01 मायक्रोफॅरडच्या एका कागदी कंडेन्सरमधून. आवाज पलीकडे जाऊ द्यायचा आणि शंभरेक व्होल्टचा डीसी दाब अलीकडेच अडवायचा, हे त्याचे काम. समज, तो इतका किंचित गळतो आहे की त्याचा रोध 20 मेगओहम भरतो. साध्या मीटरला तो उत्तम वाटेल. पण ग्रिडवरचा रेझिस्टन्स 470 किलोओहमचा असला, तर तेवढ्या गळतीनेही ग्रिडवर दोन व्होल्टांहून अधिक धन दाब चढतो. आणि या व्हॉल्व्हला कॅथोडच्या (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाच्या) तुलनेत सुमारे सात व्होल्ट ऋण दाबावर राहायचे असते. प्रवाह वाढतो, पट्टी तापते, ताप वाढला की गळती आणखी वाढते. म्हणून हा एक कंडेन्सर मोजत बसू नये, रेडिओ सुरू करण्याआधीच बदलावा. 630 व्होल्टचा पॉलिएस्टर घे, काही रुपयांत मिळतो. बाकीचे मेणाचेही ओळीने बदल. अभ्रकाचे मात्र सहसा चांगले असतात, त्यांना हात लावू नकोस. रेझिस्टन्स एकेक मोज; जुन्या कार्बनच्या रेझिस्टन्सचा रोध वयाबरोबर वाढत जातो, आणि वीस टक्क्यांहून जास्त फरक पडला असेल तोच बदल. फिल्टरच्या कंडेन्सरच्या जागी मोठ्यात मोठा घालण्याचा मोह तुला होईल, पण एसीचे डीसी करणाऱ्या ईझेड 80 च्या लगेच पुढे 50 मायक्रोफॅरडच्या वर जाऊ नकोस, तेवढा झटका त्याला सोसत नाही. मेनची रबरी वायर तर हातात घेतलीस तरी तडकेल, ती आधी बदल.

एका वेळी एकच भाग काढायचा, नवा बसवायचा, मग पुढचा. आणि आधी मोबाइलवर चेसिसच्या पोटाचे भरपूर फोटो घेऊन ठेव. पहिल्यांदा वीज देताना सिरीज बोर्ड, म्हणजे रेडिओकडे जाणारी वीज आधी एका बल्बमधून नेणारा बोर्ड, वापर. 60 वॅटचा जुना तारेचा बल्ब लाव, एलईडी चालणार नाही. सुरुवातीला बल्ब उजळेल आणि व्हॉल्व्ह तापू लागले की मंद होईल. तो तसाच उजळ राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे असे समजून लगेच बंद कर. आत अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही फिल्टरचा कंडेन्सर ते धरून ठेवतो, म्हणून प्रत्येक वेळी 10 किलोओहम, 5 वॅटच्या रेझिस्टन्समधून तो रिकामा करायचा, मीटरने शून्य पाहायचे, मगच हात घालायचा. चालू संचात मोजताना डावा हात खिशात. घरात दुसरे कोणी असल्याशिवाय चालू संचावर काम करायचे नाही, हे मला वचन दे.

साफसफाईतच लोक सर्वाधिक नुकसान करतात. स्टेशनांची नावे डायलच्या काचेच्या मागच्या बाजूला रंगाने छापलेली असतात. ओल्या फडक्याचा एक हात फिरला तर कोलंबो आणि दिल्ली फडक्यावर येतात. तिथे फक्त मऊ कोरडा ब्रश. व्हॉल्व्हवरची अक्षरेही बोटाने पुसली जातात. स्पीकरच्या कागदाला झुरळांनी पाडलेली दोन भोके आहेत, ती पतंगाचा पातळ कागद आणि पाणी घातलेला फेव्हिकॉल लावून बुजवता येतील. लाकडावर मशीनने पॉलिश मारून घेऊ नकोस. उजव्या कडेची झिलई आजोबांचा हात रोज बटणावर जाऊन गेली आहे. ती तशीच राहिली तर मला आवडेल. बाकी ठिकाणी चपडीचे पातळ पॉलिश पुरे.

आता ब्लूटूथचे. तो दुकानदार वाईट नाही, त्याच्याकडे येणाऱ्यांना तेच हवे असते. पण आजोबांनी 1962 साली हा संच घेतला, पुढच्या वर्षी सांगलीचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले, आणि वर्षाला 15 रुपये भरून पोस्टातून घेतलेल्या, रेडिओ ठेवण्याच्या परवान्याची तिकिटे लावलेली पुस्तिका अजून कॅबिनेटच्या तळाशी आहे. त्या पेटीत आजही साठ वर्षांपूर्वीची प्रत्येक जोडणी डोळ्यांनी दिसते आणि सोल्डरिंग आयर्नने उकलता येते. आतले सगळे काढले तर उरते ते एक लाकडी खोके. काही हौशी लोक जुन्या मेणाच्या नळीतच नवा कंडेन्सर लपवतात. ते कसब मोठे आहे, पण मला स्वतःला नवा भाग नवाच दिसावा हे अधिक प्रामाणिक वाटते. काढलेले सगळे भाग एका पिशवीत घालून, काय आणि कधी बदलले ते कागदावर लिहून, पुस्तिकेशेजारी ठेव.

काम झाले की संध्याकाळी मीडियम वेव्हवर बंगळुरू आकाशवाणी शोध. ते 612 किलोहर्ट्झवर आहे, आपल्या डायलवर 490 मीटरच्या जवळ. काटा तिथे असताना ईसीएच 81 त्याहून साधारण 455 किलोहर्ट्झ वरची लहर स्वतः आत तयार करत असतो आणि दोघांच्या फरकावरच पुढचा सारा संच चालतो. खरखर ऐकू आली तर रेडिओला दोष देण्याआधी घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद करून पाहा. आवाज स्वच्छ पण खाली सतत घुमणारा असेल तर ती 100 हर्ट्झची घरघर, म्हणजे फिल्टरचा कंडेन्सर. बाल्कनीत दहा-बारा फूट तांब्याची तार बांधलीस तरी एरियल म्हणून पुरेल. स्टेशन नेमके जुळले की हिरव्या डोळ्याच्या दोन कडा एकमेकींकडे सरकतात. लहानपणी तू ते पाहायला आजोबांच्या मांडीवर बसत असस.

कंडेन्सर, रेझिस्टन्स आणि एक जादा ईझेड 80 मी आजच कुरिअरने पाठवतो. येता रविवार जाऊ दे, त्यापुढचा घे. पहिल्यांदा वीज देशील तेव्हा मला व्हिडिओवर घे.

तुझा,
बाबा

ता. क. डायलची दोरी तुटली तर जवळची कुठलीही सुतळी लावू नकोस. ती कोणत्या चाकावरून किती वेढे घेऊन जाते त्याचे आजोबांनी पेन्सिलीने काढलेले चित्र झाकणाच्या आतल्या बाजूला आहे.