डोरोथे झोले यांची अर्धीच ओळख

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या महिला पुरवणीत धर्म आणि स्त्रीवाद या विषयावर आलेल्या लेखात जर्मन ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासक डोरोथे झोले (१९२९-२००३) यांची ओळख ‘देवाला पिता म्हणण्यास आक्षेप घेणाऱ्या विदुषी’ एवढ्यावर आटोपली आहे. ही ओळख खोटी नाही, पण हा आक्षेप त्यांच्या विचारात कुठून आला, हे लेखात कुठेच येत नाही आणि त्यामुळे त्यांचा स्त्रीवाद, सामाजिक न्यायाचा आग्रह आणि शांतता चळवळीतला सहभाग ही जणू तीन वेगवेगळी खाती असल्याचा समज होतो.

झोले यांचा जन्म कोलोनचा. हिटलर सत्तेवर आला तेव्हा त्या तीन वर्षांच्या होत्या आणि युद्ध संपले तेव्हा पंधरा. पुढे त्यांना आयुष्यभर छळणारा प्रश्न हा की, घरोघरी बायबल असलेल्या देशात आउश्वित्झ, म्हणजे नाझी छळछावणीतला ज्यूंचा नरसंहार, घडलेच कसे. याचे एक उत्तर त्यांना आज्ञापालनाच्या शिकवणीत सापडले. आउश्वित्झ छळछावणीचा प्रमुख रुडॉल्फ ह्योस याने आत्मकथनात लिहून ठेवले आहे की, त्याच्या धार्मिक कॅथलिक घरात वडीलधाऱ्यांचा शब्द मुकाट्याने पाळणे हे मोठे कर्तव्य मानले जाई. झोले यांनी नेमके याच दाखल्यावर बोट ठेवले. जाब विचारता येणार नाही अशा सर्वशक्तिमान, हुकूम सोडणाऱ्या देवापुढे ज्याला मान तुकवायला शिकवले, तो राज्यसत्तेपुढे ताठ उभा राहील अशी अपेक्षा कशी करायची, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. म्हणजे पित्याच्या प्रतिमेवरचा आक्षेप मुळात सत्तेच्या पूजेवरचा आक्षेप होता. १९७५ पासून न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत शिकवत असताना अमेरिकी मैत्रिणींच्या सहवासात त्याला स्त्रीवादाची भाषा मिळाली, एवढेच.

त्याआधीचे त्यांचे काम लेखात पूर्णपणे गाळले गेले आहे. १९६८ मध्ये एसेन येथील कॅथलिक संमेलनात झोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या व्हिएतनाम युद्धाविषयीच्या प्रार्थनासभेला आयोजकांनी रात्री अकराची वेळ दिली आणि त्यावरून ‘राजकीय रात्रप्रार्थना’ हे नाव पडले. कोलोनमध्ये कार्डिनल फ्रिंग्ज यांनी त्यासाठी कॅथलिक चर्च नाकारले, तेव्हा अँटोनिटर या प्रॉटेस्टंट चर्चने दार उघडले आणि पहिल्याच रात्री हजाराहून अधिक माणसे जमली. सभेचा क्रम ठरलेला असे: आधी विषयाची खरीखुरी माहिती, मग बायबलचे वाचन आणि मनन, शेवटी चर्चा आणि काय करायचे याचा निर्णय. प्रार्थनेआधी जगाच्या बातम्या नीट समजून घ्या, असे सांगणारा हा क्रम वर्तमानपत्राच्या संपादकांना तरी आवडायला हरकत नाही!

१९८३ मध्ये व्हँकुव्हरला झालेल्या वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या चर्चच्या जागतिक संघटनेच्या अधिवेशनात त्यांनी आपण एका श्रीमंत देशातून, रक्ताचा आणि विषारी वायूचा वास येणाऱ्या इतिहासातून आलो आहोत, अशी सुरुवात केली, तेव्हा जर्मन चर्चचे धुरीण चांगलेच नाराज झाले. त्याच वर्षी पश्चिम जर्मनीत अमेरिकेची पर्शिंग-२ ही अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे येऊन दाखल झाली. मुटलांगेनच्या तळापुढे ठिय्या देणाऱ्यांत झोलेही होत्या आणि त्यासाठी न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. शस्त्रसज्जता युद्ध न होताही माणसे मारते, कारण भुकेल्यांच्या तोंडचा पैसा तिच्यावर खर्च होतो, हे त्यांचे प्रतिपादन होते. त्यात न्याय कुठे संपतो आणि शांतता कुठे सुरू होते, हे निवडून दाखवणे अवघड आहे. या साऱ्याची किंमतही त्यांनी मोजली. प्राध्यापकपदासाठी लागणारी अर्हता १९७१ मध्येच मिळवूनही जर्मनीतल्या कोणत्याही विद्यापीठाने त्यांना नियमित अध्यासन दिले नाही. हॅम्बुर्गने १९९४ मध्ये दिले ते मानद प्राध्यापकपद.

त्यांचे सगळेच पटते असे नाही. ‘ख्रिस्तोफॅसिझम’ (ख्रिस्ती धर्म आणि फॅसिझम यांची युती) हा त्यांचा शब्द मला फार सैल वाटतो; विरोधकाला एका फटक्यात निकालात काढण्याची सोय त्यात आहे. जगात देवाला आपल्या हातांखेरीज हात नाहीत, ही त्यांची भूमिकाही मोर्चात चालणाऱ्याला बळ देते, पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पदरात ती काय टाकते, हे मला उमगलेले नाही. मात्र दुःख देवानेच पाठवले आहे, ते निमूटपणे सोसा, असे त्या माणसाला सांगणाऱ्या धर्मोपदेशकांवर त्यांनी १९७३ च्या ‘दुःख’ या विषयावरील पुस्तकात जी टीका केली आहे, ती वाचल्यावर निदान त्यांचा राग कोणावर आहे, याबद्दल शंका राहत नाही. सोसण्याचा हा उपदेश बायकांच्या वाट्याला सर्वात जास्त येतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

या विषयावरील पुढचा लेख पुरवणीऐवजी संपादकीय पानावर घ्यावा, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे