मोजणी सुरू झाल्यावर साखळी बदलू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

या सदरात मागे एका पालकांचे पत्र छापून आले होते. सुट्टीत मुले फासे आणि चौकटीचा कागद घेऊन तासन्‌तास बसतात, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ खेळतात, आणि या खेळाला नियम म्हणून काही नसतोच, गोष्ट सांगणारा म्हणेल ती पूर्व दिशा, असा त्यांचा सूर होता. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. उभी हयात साखळी, फळी आणि बांध यांत गेली. गेली दोन वर्षे माझ्या नातवंडांचा हा खेळ दर रविवारी आमच्या घरी चालतो आणि त्यातल्या अंतरांचे वाद माझ्याकडे येतात. ‘आबा, तुम्ही मोजणीवाले, तुम्हीच सांगा,’ असे म्हणून नातीने मला त्यात ओढले. तेव्हा नियम नसतो हे म्हणणे मला मान्य नाही. नियम आहेत, आणि त्यांचा अर्थ लावणे हे जबाबदारीचे काम आहे.

खेळ माहीत नसलेल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक मुलगा एक पात्र घेतो, कोणी योद्धा, कोणी जादूगार. एक जण गोष्ट चालवतो, त्याला ही मुले डीएम म्हणतात. आमच्याकडे ते काम नववीतली नात करते. लढाई जुंपली की एक फेरी सहा सेकंदांची धरतात. आपल्या पाळीला पात्र किती चालू शकते हे फुटांत ठरलेले असते. माणसाला ३० फूट, आणि २०१४ च्या पुस्तकाप्रमाणे ठेंगण्या ड्वार्फला २५. कागदावर एक इंचाचा चौकोन म्हणजे जमिनीवरचे पाच फूट. म्हणजे एकास साठ हे प्रमाण झाले. हे ऐकले तेव्हाच मी खुर्ची पुढे ओढून बसलो.

हा खेळ १९७४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावी गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी काढला. त्याआधी ही मंडळी टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळत आणि अंतर पट्टीने इंचांत मोजत. ती सवय नव्या खेळातही आली. जुन्या पुस्तकात भुयारामध्ये एक इंच म्हणजे दहा फूट आणि उघड्या रानात एक इंच म्हणजे दहा यार्ड. म्हणजे भुयाराच्या तोंडातून बाहेर पाऊल टाकले की त्याच इंचाचे अंतर तिप्पट होणार. माझ्या खात्यात एका नकाशावर दोन प्रमाणे टाकली असती तर नकाशा परत आला असता. पण त्या लोकांनी ते विचार करून केले होते. अंधाऱ्या भुयारात माणूस चाचपडत, नकाशा काढत पुढे सरकतो आणि मोकळ्यावर झपाझप चालतो. नियमामागचे हे कारण कळले की नियम वाचायला सोपा जातो.

आता आमच्या घरी जे घडले ते सांगतो.

नातवाचा मित्र, आमच्या शेजारचाच मुलगा, एक वैद्यासारखे पात्र खेळत होता. पुलापलीकडे ते पात्र घायाळ होऊन पडले. अशा वेळी दर पाळीला वीस बाजूंचा फासा टाकतात. दहाच्या खाली पडला की एक वाईट खूण, आणि तीन वाईट खुणा झाल्या की पात्र मेले. दोन खुणा झाल्या होत्या. नातवाच्या योद्ध्याकडे औषधाची कुपी होती आणि मित्र त्याच्यापासून तिरक्या रेषेत सहा चौकोनांवर होता. नातवाने बोट ठेवत मोजले, पाच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस, तीस. बरोबर ३० फूट. त्याचा चेहरा खुलला होता.

तेवढ्यात मी बोललो. पाच फुटांच्या चौकोनाचा कर्ण पाच फूट नसतो, सात फूट आणि वर थोडा असतो. सहा कर्ण म्हणजे ४२ फुटांहून जास्त. ३० फुटांत तो फार तर चार चौकोन जाईल. नातीने पुस्तक चाळले. गोष्ट चालवणाऱ्यासाठी जे वेगळे पुस्तक आहे त्यात माझ्या म्हणण्यासारखा एक पर्यायी नियम सापडला. पहिला तिरका चौकोन पाच फूट, दुसरा दहा, तिसरा पाच, चौथा दहा. चार चौकोनांत ३० फूट संपतात. माझा हिशेब आणि पुस्तकाचा पर्याय तंतोतंत जुळला. योद्धा दोन चौकोन अलीकडे थांबला, मित्राचा फासा चारवर पडला आणि पात्र मेले. तो मुलगा काही बोलला नाही. आपली पेन्सिल, फासे पिशवीत घालून घरी गेला. त्याचा चहा तसाच राहिला होता.

रात्री मला झोप लागली नाही. भूमितीत मी चुकलो नव्हतो. पण ज्या पोरांनी पूल चढायच्या आधी पाच-पाच मोजून बेत आखला होता, त्यांच्या पायाखालचे माप मी निम्म्या वाटेत बदलले होते. शेताची मोजणी एका साखळीने सुरू केली आणि पश्चिमेच्या बांधावर दुसरी साखळी काढली, तर दुसरी कितीही अचूक असो, ती मोजणी खोटी ठरते. शेजारचा शेतकरी म्हणेल, माझ्याच बाजूला का बदललीत? त्याला उत्तर नसते. वर, त्याच लढाईत पहिल्या दोन फेऱ्यांत गॉब्लिन नावाचे छोटे राक्षस तिरके धावत आले होते ते पाच-पाच फुटांनीच. तेव्हा मी गप्प होतो. राक्षसाला एक माप आणि पोराला दुसरे, असा माझा निवाडा झाला.

पुढच्या रविवारी मी त्या मुलाच्या घरी गेलो, त्याला घेऊन आलो आणि सगळ्यांसमोर माझी चूक कबूल केली. नातीने ती फेरी पुन्हा खेळवली. योद्धा पोचला, कुपी ओठांना लागली. मग नव्या गोष्टीच्या आधी मुलांनी हात वर करून ठरवले की तिरका चौकोन पाचच फुटांचा धरायचा. मला ते मान्य आहे. बुद्धिबळातला राजाही एका कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यात सातच घरांत जातो, सरळ गेला तरी सात. तिथे कर्णाबद्दल कोणी तक्रार करत नाही. या खेळाच्याच २००३ च्या आवृत्तीत दुसरा तिरका चौकोन दुप्पट होता, २००८ च्या आवृत्तीत तो एकच धरला. दोन्ही माणसांनीच विचारपूर्वक केलेले नियम आहेत. कोणता आपला, ते पहिला फासा पडण्याआधी ठरले पाहिजे, एवढाच माझा आग्रह आहे.

पुस्तक कोणते, हेही तसेच. माझा भाचा दिवाळीत पुण्याहून आला होता. तो कॉलेजात जुनी आवृत्ती खेळलेला. शत्रूच्या हाताच्या टप्प्यात असलेला चौकोन सोडला की शत्रूला फुकटचा वार मिळतो, असे तो ठामपणे सांगत होता. नातू म्हणत होता, टप्प्याच्या आतल्या आत फिरले तर वार नाही, टप्प्याबाहेर पडले तरच. अर्धा तास आवाज चढले. दोघेही खरे होते. भाच्याच्या पुस्तकात तसे होते आणि नातवाच्या पुस्तकात असे आहे. दोन सालांचे दोन नकाशे घेऊन एकाच बांधावर भांडणारे भाऊ मी पुष्कळ पाहिले आहेत.

काही वाद मात्र पुस्तक उघडूनही मिटत नाहीत. उडीचा घ्या. दहा फूट धावत येऊन उडी मारली, तर पात्राच्या ताकदीचा जो आकडा ठरलेला असतो तितके फूट उडी जाते. ताकद १६ तर १६ फूट. धावण्याचे दहा आणि उडीचे सोळा, दोन्ही तुमच्या तीस फुटांतून वजा होतात. आता दरी तीन चौकोन रुंद, म्हणजे १५ फूट. ओलांडता येईल का? एक मुलगा म्हणाला येईल, सोळा पंधरापेक्षा मोठे. दुसरा म्हणाला नाही. अलीकडच्या चौकोनातून पलीकडच्या चौकोनात जायला चार चौकोन मोजावे लागतात, त्याचे वीस फूट होतात. मला हा वाद फार आवडला, कारण तो खरा मोजणीचा वाद आहे. कडेपासून कडेपर्यंत मोजायचे की मध्यापासून मध्यापर्यंत? ओढ्याची रुंदी आम्ही काठापासून काठापर्यंत मोजतो, काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या पोटापासून नाही. दरीही तशीच मोजावी आणि त्याला पलीकडे उतरू द्यावे, असा निवाडा मी दिला. या वेळी मात्र कोणी उडी मारायच्या आधी. नातीने तो वहीत तारीख घालून लिहून ठेवला आहे, म्हणजे उद्या दरीपलीकडून एखादा राक्षस उडी मारून आला तरी हाच निवाडा लागू.

या वहीबद्दलही लिहायला हवे. मुले इंग्रजी पुस्तक वाचतात आणि मराठीत खेळतात, त्यामुळे अर्धे घोटाळे शब्दांचे होतात. त्यांनी ‘मूव्ह’ला ‘चाल’ म्हटले. बुद्धिबळात चाल झाली की आपली पाळी संपली. म्हणून सहावीतला एक मुलगा दहा फूट चालून वार करायचा आणि हात मागे घ्यायचा. उरलेले वीस फूट वाया. खरे तर या आवृत्तीत थोडे चालावे, वार करावा, पुन्हा उरलेले चालावे, अशी मुभा आहे. त्या मुलाला सहा महिने कोणी सांगितले नाही, कारण ‘चाल’ या शब्दानेच त्याला थांबवले होते. आता आम्ही ‘चालणे’ म्हणतो आणि पाळीला ‘पाळी’. ‘स्पीड’ला वेग म्हटले की मुले ताशी किती असे विचारतात, म्हणून ‘पल्ला’ लिहिले. दुप्पट धावण्याला ‘धूम’. शत्रूचा वार न खाता मागे सरकण्याला ‘काढता पाय’, आणि हा शब्द वाचल्याबरोबर लहान मुलालाही नियम समजला. चिखल, काटेरी झुडूप, ढासळलेले दगड, जिथे एका फुटाला दोन फूट खर्च होतात, ती ‘अडवाट’. पात्राचे अंग काही पाच फूट रुंद नसते, पण लढताना तो पाच फुटांचा चौकोन त्याच्या ताब्यात असतो आणि शत्रू सहसा त्यातून जाऊ शकत नाही. त्याला मी ‘वहिवाट’ लिहिले. हा शब्द माझ्या खात्याचा आहे आणि तो इथे चपखल बसला.

पडलेल्या पात्राला उठायला निम्मा पल्ला खर्च होतो, हे मुलांना अन्याय्य वाटत होते. आमचे अंगण ३३ फूट लांब आणि त्याच्या निम्मे रुंद, म्हणजे बरोबर अर्धा गुंठा. त्यात मी फक्कीने पाच-पाच फुटांचे चौकोन आखले. लांबीत सहा बसले आणि तीन फूट उरले. सहा चौकोन म्हणजे अख्खा पल्ला. मग घड्याळ घेऊन एकेकाला चालायला लावले. सहा सेकंदांत तीस फूट म्हणजे भरभर चालणे, पळणे नव्हे. नंतर पाठीला भरलेले दप्तर लावून जमिनीवर आडवे झोपवले आणि हाक मारली. नातू धडपडत उठला, तीन चौकोन गाठेपर्यंत सहा सेकंद झाले. सगळ्यांनी खाली वाकून फक्कीची रेघ पाहिली. त्या दिवसापासून त्या नियमावर वाद नाही. एरवी मोबाइलमधून मान वर न काढणारी ही मुले संध्याकाळी सातपर्यंत अंगणात होती, हे त्या पत्रलेखक पालकांना मुद्दाम सांगावेसे वाटते.

मूळ नियमांचा गाभा हा खेळ छापणाऱ्या कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला आहे. श्रेय नमूद केले की त्याचे भाषांतर कोणालाही करता येते. चालण्याच्या नियमांची आठ-दहा पाने मी मराठीत उतरवली आहेत. आपल्या बालपुरवणीत जागा असेल तर ती विनामूल्य पाठवीन.

एका शब्दावर मात्र अडलो आहे. ‘टेलिपोर्ट’. जादूगार एका जागेवरून नाहीसा होतो आणि दुसरीकडे उभा राहतो, मधली वाट तो चालतच नाही, म्हणून टप्प्याबाहेर गेला तरी त्याच्यावर फुकटचा वार होत नाही. ‘अंतर्धान’ लिहिले तर नुसते नाहीसे होणे कळते, पुन्हा प्रकट होणे कळत नाही. ‘उडी’ म्हणावे तर वर सांगितलेला उडीचा नियम मध्ये येतो. वाचकांपैकी कोणाला लहानसा, मुलांच्या तोंडी बसेल असा शब्द सुचला तर याच सदरातून जरूर कळवावा. वहीत ती ओळ कोरी ठेवली आहे.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक, कराड