आठवड्यातून एकच गोळी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संधिवातासाठी दिल्या जाणाऱ्या मेथोट्रेक्झेट या औषधाविषयी आपल्या वाचकांपुढे काही मांडावेसे वाटते. गेल्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या वहिनींनी आठवड्यातून एकदा घ्यायची दहा मिलिग्रॅमची गोळी सलग आठ दिवस रोज घेतली. चिठ्ठीवरची सूचना इंग्रजीत होती आणि औषधाच्या दुकानात पाकिटावर कोणी काही लिहून दिले नाही. तोंड आले, घास गिळवेना, ताप चढला. रक्त तपासले तेव्हा पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही फार खाली आल्या होत्या. वहिनी बऱ्या झाल्या, पण त्या पंधरा दिवसांची आठवण घरात अजून कोणी काढत नाही.

मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले. म्हणून असे का होते, ते सांगतो. हे औषध म्हणजे फॉलिक आम्ल या ब गटातल्या जीवनसत्त्वाचेच थोडे बदललेले रूप आहे. फॉलिक आम्लाच्या रेणूत एका ठरावीक जागी ऑक्सिजन असतो. त्या जागी अमिनो गट बसवला की अमिनोप्टेरिन तयार होते आणि आणखी एका नायट्रोजनवर मिथाइल गट जोडला की मेथोट्रेक्झेट. आपल्या पेशींत डायहायड्रोफोलेट रिडक्टेज नावाचे विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) फॉलिक आम्लाला कामाचे रूप देते आणि त्या रूपावाचून डीएनएचे घटक तयार होत नाहीत. हे विकर मेथोट्रेक्झेटला जीवनसत्त्व समजून धरते, आणि इतके घट्ट धरते की त्याचे पुढचे काम अडून बसते. ज्या पेशी भराभर विभागतात त्यांना याचा फटका आधी बसतो. त्यात कर्करोगाच्या पेशी येतात, तशाच अस्थिमज्जेतल्या आणि तोंडाच्या आतल्या अस्तराच्या निरोगी पेशीही येतात. त्यामुळे हे औषध चालू असताना तोंड आले, तर ते उष्णतेने आले असे समजून घरगुती उपाय करत बसू नये.

या जीवनसत्त्वाच्या शोधाचा एक धागा मुंबईचा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरांनी परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना, गिरणी कामगार वस्तीतल्या गरोदर स्त्रियांचा एक प्रकारचा पंडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, असे १९३१ मध्ये दाखवून दिले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेलेले द्रव्य. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत, भीमावरमला जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली ते कृत्रिमरीत्या तयार झाले आणि त्याचे विरोधी रेणूही तेथेच घडवले गेले. बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या १६ मुलांना अमिनोप्टेरिन दिले, तेव्हा त्यांतील १० मुलांचा आजार काही काळ तरी ओसरला. त्याच वर्षी सुब्बाराव वारले. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांना दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते.

आजच्या घोटाळ्याचे मूळही औषध आणि जीवनसत्त्व यांच्या या नात्यातच आहे. मेथोट्रेक्झेटचा त्रास कमी व्हावा म्हणून डॉक्टर सोबत फॉलिक आम्लही देतात. दोन्ही गोळ्या पुष्कळदा लहान आणि पिवळ्या असतात, आणि एकीचा घ्यायचा नेम चुकून दुसरीला लागतो. चुकून जास्त मात्रा गेल्यावर मात्र घरातल्या फॉलिक आम्लाच्या गोळ्या वाढवून भागत नाही, कारण कामाच्या रूपात येण्यासाठी त्यालाही तेच अडलेले विकर लागते. अशा वेळी त्या पायरीच्या पुढचे फोलिनिक आम्ल द्यावे लागते आणि ते रुग्णालयातच दिले जाते.

योग्य मात्रेत हे औषध सांध्यांचे वाकडेपण रोखते. म्हणून कोणीही घाबरून ते आपल्या मनाने बंद करू नये. माझी विनंती डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्यांना आहे: चिठ्ठीवर आणि पाकिटावर ‘दर सोमवारी एकदाच’ असे वाराच्या नावासह मराठीत लिहावे, रुग्णाकडून ते एकदा वदवून घ्यावे आणि एका वेळी चार आठवड्यांपेक्षा जास्त गोळ्या देऊ नयेत. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने तशी सूचना काढल्यास ती सर्व दुकानांपर्यंत पोहोचेल.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सातारा