सुन्यास पत्र: झेडपी, आमदारकी आणि आबा

प्रिय सुन्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा बेदाण्याचा सौदा चालू होता, तिथल्या गोंगाटात काय धड बोलता येईना, म्हणून आता निवांत लिहितोय. वहिनींना पुढच्या झेडपीला, म्हणजे जिल्हा परिषदेला, उभं करा म्हणून पार्टीवाले तुझ्या मागं लागलेत हे कळलं. वहिनींनी सरपंचकी चांगली केली, त्यात वादच नाही, विरोधकसुद्धा मान्य करतात. पण ते लोक वर जे ठोकून देतायत ना, की एकदा झेडपी मारली की आमदारकी लांब नाही, आबांचं बघा, ते ऐकून मला हसू आलं. आबांचं नाव आपल्या तालुक्यात कोणीही कशालाही चिकटवतंय.

म्हणून म्हणलं जरा सविस्तर सांगावं, तू चाकणला गेल्यापासून तुला इथलं निम्मं ऐकीव माहिती आहे.

आबा म्हणजे आर. आर. पाटील, आपल्या तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे, जन्म १९५७ चा, घरची परिस्थिती बेताची, सांगलीत शांतिनिकेतनला कमवा आणि शिका करून शिकले, वकिलीचं शिक्षण घेतलं. १९७९ ला सावळज गटातून (गट म्हणजे झेडपीचा मतदारसंघ) झेडपीला निवडून आले तेव्हा वय बावीसच्या आत-बाहेर. आणि १९९० ला आमदार झाले. मधली अकरा वर्षं झेडपी मेंबर. आता लोक म्हणतात बघा, अकरा वर्षं लोकांनी डोक्यावर घेतलं. अरे बाबा, त्या काळात परत निवडणूकच झाली नाही! राज्यात झेडपीच्या निवडणुका १९७९ नंतर थेट १९९२ ला झाल्या, मधे नुसती मुदतवाढ. म्हणजे एकदाच निवडून आलेला पोरगा अकरा वर्षं त्याच गटात फिरला. माझ्या मते आबांचं सगळं पुढचं राजकारण या एका गोष्टीवर उभं आहे आणि ती कोणी बोलतच नाही. वसंतदादा पाटलांनी हेरलं, हात दिला, ते खरंच, पण दादांनी हात दिलेले लई जण होते.

कारण झेडपी मेंबरचं काम म्हणजे काय असतं, वहिनींना विचार, त्यांना सरपंच असताना मेंबरच्या मागं फिरावं लागलंय. शाळेच्या खोलीचं पत्रं उडालं, आरोग्य केंद्रात डॉक्टर थांबत नाही, नळपाण्याची मोटार जळाली, गुरुजींची बदली झाली आणि दुसरा आलाच नाही. सगळं बारीकसारीक, आणि सगळं माणसांचं. विधानसभेत भाषण ठोकून यातलं एक काम होत नाही, त्याला बीडीओकडं, म्हणजे गटविकास अधिकाऱ्याकडं, बसावं लागतं, फाईल कुठल्या टेबलावर अडली ते माहीत असावं लागतं, ग्रामसेवकाला नावानं हाक मारता यायला लागते. आबांना हे अकरा वर्षांत पाठ झालं. ते बोलायला बसले की गावातल्या माणसाशी गावातल्यासारखं बोलायचे ते काही सोंग नव्हतं.

पुढं १९९९ ला ते ग्रामविकास मंत्री झाले. आणि गंमत बघ, मुख्यमंत्री विलासराव देशमुख, म्हणजे बाभळगावचे माजी सरपंच, तेही पंचायत समिती, झेडपी करत वर गेलेले. असं जुळून आलेलं मंत्रिमंडळ परत कधी बघायला मिळेल कोणास ठाऊक. त्या काळात आलं ते संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान, २००० ला. तुला आठवतंय का रे, आपण शाळेत होतो, सकाळी आठला हातात खराटा आणि पाटी, अख्खी शाळा गटारी काढायला. सगळ्या भिंती चुना मारून पांढऱ्या आणि त्यावर गेरूनं म्हणी, आणि तुझ्या चुलत्यानं त्यात स्वतःची म्हण घुसवली होती ती गुरुजींनी पुसायला लावली. दारोदार शोषखड्डे खांदले. टमरेल घेऊन निघालेल्या म्हाताऱ्यांच्या मागं पोरं शिट्ट्या मारत जायची, म्हातारी शिव्या घालायची, आणि तपासणी कमिटी येणार म्हणलं की आदल्या रात्री बत्त्या लावून काम. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन भावक्या एकाच गटारीत उतरलेल्या आपण बघितल्यात.

आणि यात सरकारनं आगाऊ पैसा दिलाच नव्हता! आधी काम करा, गावं एकमेकांशी लढा, जिंकलात तर बक्षीस, आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. शेजारच्या गावाला बक्षीस मिळालं आणि आपल्याला नाही, ही जळजळ काय काम करून घेते हे मुंबईत जन्मलेल्या साहेबाला कळणार नाही, ते झेडपीत फिरलेल्याच माणसाला कळतं. पुढं २००३ ला केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार आला, म्हणजे ही वाट दिल्लीलाही पटली असं म्हणायला हरकत नाही. आता त्यातले किती संडास वर्षभरात लाकडं आणि कडबा ठेवायला वापरले ते आपल्याला माहीत आहे, ते सोड.

गृहखातं मिळाल्यावर २००७ ला तंटामुक्ती आणली, तीही त्याच डोक्यातनं. ग्रामसभेत कमिटी निवडायची, बांधाचे, भाऊबंदकीचे तंटे गावातच मिटवायचे, परत बक्षीस. पोलीस खात्याचा मंत्री म्हणतोय पोलीस ठाण्यात येऊच नका, हे भारीच होतं. आपल्याकडं कमिटीनं किती पोरापोरींची लग्नं लावून दिली, आठव. आता मात्र गावोगाव तंटामुक्ती अध्यक्ष कोण यावरच तंटा असतो.

पण सगळंच गोड नव्हतं, आणि इथं आपलं दोघांचं कधी जमलं नाही. २००५ ची डान्सबार बंदी तुला आवडली होती, मला अजून नाही पटत. गावाकडची पोरं पगार, ऊस-द्राक्षाचा पैसा तिथं उडवतायत ही तक्रार खरी होती, घरच्या बायकांचा त्रास खरा होता, पण त्या बारमध्ये नाचून घर चालवणाऱ्या बायकाच होत्या ना, त्यांचं काय, हे कोणी नीट बघितलंच नाही. वर थ्री स्टारच्या पुढच्या हॉटेलांना सूट. म्हणजे श्रीमंतानं बघितलं तर चालतंय. त्यावरही कोर्टात मार खाल्ला, २००६ ला हायकोर्टानं उडवलं, २०१३ ला सुप्रीम कोर्टानं पण तेच सांगितलं. गावात दारूबंदीचा ठराव करावा तसा अख्ख्या मुंबईसाठी ठराव केला, असं मला वाटतं.

आणि मग २६/११. त्यावेळचं ते हिंदीतलं वाक्य, मोठ्या शहरात छोट्या गोष्टी होतात वगैरे. मी आबांच्या गावशेजारचा असून सांगतो, त्याची बाजू घेताच येत नाही. दीडशेच्या वर माणसं मेलेली असताना गृहमंत्र्यानं असं बोलायचं नसतं. राजीनामा द्यावा लागला, उपमुख्यमंत्रिपद गेलं. तरी एक आहे, वर्षभरात २००९ ला परत गृहमंत्री झाले तेव्हा गडचिरोलीचं पालकमंत्रिपद स्वतःहून मागून घेतलं, जिथं दुसरं कोणी जायला तयार नसायचं. आणि पोलीस भरतीत पैसे न देता लागलो असं सांगणारी माणसं आपल्या ओळखीतच आहेत. सहा वेळा आमदार, इतकी वर्षं मंत्री, आणि घर अंजनीतलंच, पोरं झेडपीच्या शाळेत. शेवटी तोंडाच्या कॅन्सरनं गेले, फेब्रुवारी २०१५, वय सत्तावन्न. तंबाखूनं नेलं, दुसरं काय. तू अजून मळतोस का रे? खरं सांग.

आता मुद्द्यावर येतो. तुझे पार्टीवाले सांगतायत तो झेडपीतून आमदारकीचा जिना आता राहिला नाही. एक तर आरक्षण फिरतं. यावेळी गट महिलेसाठी म्हणून वहिनींना विचारतायत, पुढच्या वेळी तो ओबीसीला किंवा खुल्याला जाईल, वर गटाची रचनाच बदलेल, सावळजसारखा एक गट धरून अकरा वर्षं मुरायचं कसं? पन्नास टक्के महिला आरक्षण पाहिजेच, माझं त्यावर काही म्हणणं नाही, फिरवाफिरवीवर आहे. दुसरं म्हणजे पैसा. आमदाराला वर्षाला ५ कोटींचा निधी, ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचे पैसे थेट, आणि झेडपीच्या हातात? चौदाव्या वित्त आयोगात तर झेडपीला एक रुपया नव्हता, सगळा ग्रामपंचायतीला, पंधराव्यात दहा टक्के दिले. सरपंचाकडं मेंबरपेक्षा जास्त पैसा, वहिनींना हे अनुभवानं माहीत असणार. आणि तिसरं, २०२२ ला झेडपीच्या बॉडीची मुदत संपली आणि नंतर कितीतरी वर्षं प्रशासक. दर पाच वर्षांनी पंचायतींची निवडणूक घ्यायला लावणारी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती कशासाठी केली होती मग? १९७९ नंतरच्यासारखं होऊ नये म्हणूनच ना. फरक एवढाच की तेव्हा निदान मेंबर तरी जागेवर होते, यावेळी तेही नव्हते, सगळं प्रशासक साहेबांच्या सहीवर चाललं.

आबांच्या घरातच बघ की. त्यांच्या पत्नी सुमनताई २०१५ च्या पोटनिवडणुकीतून थेट आमदार, २०२४ ला मुलगा रोहित पंचविसाव्या वर्षी माजी खासदार संजयकाका पाटलांना पाडून थेट आमदार. पोरगा हुशार आहे, बोलतोही आबांसारखा, मला आवडतो. पण झेडपीच्या पायरीला त्यालाही हात लावावा लागला नाही.

तेव्हा आमदारकीच्या आशेनं उभं राहणार असाल तर पैसे वाया घालवू नका. पण वहिनींना शाळा आणि दवाखाना यांचंच करायचं असेल, आणि त्या तशाच आहेत, तर खुशाल उभं राहू दे, शिक्षण नाहीतर आरोग्य समिती मागून घ्यायला सांग, बांधकामच्या नादाला लावू नको, तिथं ठेकेदार मेंबरला आपला हमाल करून टाकतात. पार्टीवाल्यांना एक सरळ विचार, खर्च कोण करणार. 'बघू' म्हणाले की समज तूच.

आणि कागदपत्रं आत्ताच काढून ठेव. गट राखीव असला तर जात पडताळणी लागते, ती ऐनवेळी होत नाही. दोन अपत्यांचा नियम आहे, तुमचं काही अडत नाही. आणि घरात संडास आहे आणि वापरतो याचा दाखला लागतो, तेव्हा गावाकडच्या संडासातला कडबा आधी बाहेर काढ. दिवाळीला आलास की अण्णांकडं जाऊ, त्यांनी सावळज गटातलं जुनं राजकारण जवळून बघितलंय, वहिनींनाच त्यांच्याशी बोलू दे.

तुझा,
बाळ्या