प्लेट उतरव, मगच ऑइल काढ

कोल्हापूर,
कोजागरीनंतरचा रविवार

प्रिय पक्या,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या थारच्या इंजिनाखाली दगडांपासून बचावाला लावलेल्या लोखंडी प्लेटचे फोटो बघितले. वर्कशॉपवाल्यांनी ‘प्लेट उतरवायचे वेगळे पैसे पडतील’ म्हणून तुला वाटेला लावलं, प्लेटच्या भोकातूनच इंजिनाचं जुनं ऑइल काढून दिलं आणि आता अणुस्कुरा चढताना केबिनमध्ये जळका वास येतोय. यात मला काहीच नवल वाटलं नाही. तू विचारतोस, ते भोक गॅस कटरने मोठं करून घेऊ का? नको. दर वेळी प्लेट पूर्ण उतरव, मगच ऑइल काढ. का आणि कसं ते लिहूनच पाठवतो, कारण फोनवर तू नुसता ‘हां हां’ करतोस आणि ऐकत काही नाहीस.

आधी त्या वासाचं. ऑइल सोडायचा ड्रेन नट सुटला की ऑइल काही नळाखाली बादली ठेवल्यासारखं सरळ पडत नाही. चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, भरलेलं असताना धार जोरात, कमान करून लांब जाते. ऑइल कमी होत गेलं की धार मागे सरकते आणि शेवटी नटाच्या भोकाच्या कडेवरून चेंबरच्या बुडाला धरून ओघळते. म्हणजे पहिल्या धारेच्या हिशेबाने भोक पाडलं तर शेवटचं ऑइल प्लेटवर, आणि शेवटच्या ओघळाच्या हिशेबाने पाडलं तर पहिली धार प्लेटवर. भोक कितीही मोठं कर, वाटीभर ऑइल वर सांडणारच. आणि भोक जितकं मोठं तितकी प्लेट त्याच जागी कमजोर, म्हणजे नेमकी ड्रेन नटाखाली, जिथे दगड लागायला नको. मग प्लेट लावलीस कशाला?

ते सांडलेलं ऑइल प्लेटवर पसरतं, त्यात धूळ बसते, पाच-सहा दिवसांत काळा लगदा होतो. घाटात इंजिन तापलं की तोच वास तुझ्या नाकात येतो. पण वास ही त्यातली सगळ्यात कमी काळजीची गोष्ट आहे. ऑइलने माखलेली प्लेट खरी गळती लपवते. समज, पुढच्या सीलमधून थोडं थोडं पाझरतंय. ते प्लेटवर पडतं, उतारावर मागे वाहत जातं आणि मागच्या कडेवरून ठिपकतं. अंगणात डाग दिसतो गिअरबॉक्सखाली आणि तू गिअरबॉक्सवाल्याच्या मागे लागतोस. प्लेट स्वच्छ असेल तर ऑइलची रेघ कुठून सुरू झाली ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे आणि आत्ताच्या दिवसांत तर फारच. पाऊस संपला, तुमच्या सड्यांवरचं, म्हणजे जांभ्याच्या पठारांवरचं, गवत गुडघ्याच्या वर गेलंय आणि आता ते वाळायला लागेल. तू बागेकडे जाताना गाडी त्याच गवतातून घालतोस. प्लेटच्या पुढच्या कडेखालून काड्या, पाती, पिसोळं आत शिरतात आणि तिथेच दबून बसतात. तुझी गाडी बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांची) डिझेल, एग्झॉस्टमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी पकडणारा फिल्टर, आहे. साठलेली काजळी जाळायला गाडी अधूनमधून स्वतःहून तो फिल्टर तापवते, तेव्हा आतलं तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. वर ही भट्टी, खाली वाळलेलं गवत, त्याला ऑइलचा हात. पुढचं मी सांगायला नको. दिवाळी ते होळी दर आठवड्याला टॉर्च घेऊन खाली वाक आणि लांब आकडीने गवत ओढून काढ. ऑइल बदलायची वाट बघू नकोस.

आता प्रत्यक्ष काम. एक सोय तुला आहे. गाडी उंच आहे, त्यामुळे जॅकवर न चढवता तू खाली सरकू शकतोस. तेच बरं, गाडी सपाट असली की चेंबर नीट रिकामं होतं. खळ्यातली सपाट जागा बघ, पहिल्या गिअरमध्ये टाक, हँडब्रेक ओढ, चाकांना पुढून-मागून दगड लाव. आदल्या संध्याकाळी बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेव. इंजिन कोमट हवं, तापलेलं नको. गावात एक चक्कर मारून आलास आणि चहा होईपर्यंत थांबलास की झालं.

फोटोत दिसतंय त्यावरून तुझ्या प्लेटचे पुढचे बोल्ट ॲलनचे, म्हणजे डोक्यात षटकोनी खाच असलेले, चपट्या डोक्याचे आहेत. दिसायला छान, कामाला त्रास. त्या डोक्यातल्या खाचेत तुमची लाल माती भरते आणि उन्हाने तिचा जांभा होतो. चावी पुरती आत बसत नाही, तू जोर लावतोस आणि खाचेचे कोपरे गोल होतात. म्हणून आधी दाभणाने प्रत्येक खाच कोरून काढ, फुंकर मार, चावी तळापर्यंत जाते का बघ, हलक्या हातोडीने वरून एक टोला दे, मगच फिरव. जमलं तर पुढच्या वेळी हे बोल्ट बदलून साधे षटकोनी घाल, डोक्यावर ८.८ (मजबुतीचा आकडा) कोरलेले. प्लेटला खोलगट वाटी करून त्यात डोकं बसवलं की दगड लागत नाही आणि पाना पूर्ण बसतो. १० मिलीच्या बोल्टला बहुतेक १७ चा पाना, ८ मिलीच्याला १३ चा; एवढे दोन असले की बाहेर कुठेही काम भागतं.

प्लेटचं वजन हलक्यात घेऊ नकोस. ४ मिलीचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला ३१ किलो भरतो. तुझी प्लेट साधारण अर्धा चौरस मीटर धर, म्हणजे पंधरा-सोळा किलो लोखंड बरोबर तुझ्या तोंडावर आहे. सगळे बोल्ट आधी नुसते सैल कर. मग प्लेटखाली फळी ठेवून जॅक टेकव आणि बोल्ट काढत जा. मागचे दोन सगळ्यात शेवटी. डोळ्यांवर चष्मा हवाच. पहिला बोल्ट निघाला की पावसाळाभराची माती खाली येते. आणि आप्पांना नाहीतर कोणालातरी जवळ बसव, एकट्याने करायचं काम नव्हे.

प्लेट खाली आली की लगेच ड्रेन नटाला हात घालू नकोस. मला या सगळ्या कामात हा भाग आवडतो, कारण गाडी पावसाळाभर कशी चालली ते प्लेटवर लिहिलेलं असतं. खालच्या बाजूचे ओरखडे बघ: लांब, सरळ असतील तर गाडी घसरत गेली, प्लेटने काम केलं. खोल पोचा असेल तर प्लेट उलटी कर आणि त्याच जागी वरून बघ. तिथे रंग उडून धातू चकचकीत झाला असेल तर प्लेट चेंबरला घासतेय. इंजिन रबरी माउंटिंगवर असतं, ते हलतं. प्लेट चासीला बांधलेली, ती हलत नाही. म्हणून दोघांत दोन बोटं तरी मोकळी हवीत. कमी असेल तर मला कळव. इथे उद्यमनगरात प्रेसवर पोचा काढून देतील, वाटल्यास मधे एक आडवी पट्टीही वेल्ड करून घेऊ. ॲल्युमिनियमची घेऊ का, असं मागे विचारलं होतंस. ६ मिलीची घेतलीस तरी वजन लोखंडाच्या निम्म्याच्या आसपास येतं आणि गंजत नाही, पण जांभ्याच्या धारेवर लोखंड जसं सरकतं तसं ॲल्युमिनियम सरकत नाही, ते कोरलं जातं. तुझ्या रस्त्यांना मी लोखंडच ठेवीन.

चेंबरच्या बुडाला चिकटलेली माती खरवडून काढ. ती ओल धरून ठेवते आणि त्याखालचा रंग फुगतो. कुठे काय पाझरतंय तेही आत्ताच बघ, कोरड्या चिंधीने पुसून.

मग ऑइल. वरचं भरायचं झाकण आधी उघड. नट सैल झाला की शेवटचे आटे हाताने, वर दाबून धरत फिरव आणि एकदम बाजूला घे, म्हणजे कोपरापर्यंत ऑइल येत नाही. घमेलं थोडं पुढे ठेव आणि धार मागे येईल तसं सरकव. प्लेट नसल्यामुळे सगळं घमेल्यातच पडतं, बघच.

निघालेलं ऑइल कोळशासारखं काळं असेल. घाबरू नकोस. माझी जिप्सी पेट्रोल, तिचं ऑइल बरेच दिवस मधाच्या रंगाचं राहतं. डिझेलचं नवं घातलेलं ऑइलसुद्धा थोड्याच दिवसांत काजळीने काळं होतं. बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. दोन बोटांत चोळून उजेडात धर, धातूच्या कणांची चकाकी दिसते का? दुधाळ, चहासारखा रंग आहे का? तसा असेल तर आत पाणी गेलंय, गाडी चालू न करता मला फोन कर. तू जुलैत ओढ्यात गाडी घातली होतीस, तेव्हा डिफरन्शियलचं, म्हणजे चाकांच्या आसावरच्या गिअरपेटीचं, ऑइलही एकदा उघडून बघ. तापलेली हाउसिंग गार पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवेच्या नळीतून, पाणी ओढून घेते. इंजिनाची सगळे काळजी करतात, त्या बिचाऱ्याकडे कोणी बघत नाही.

आणखी एक, डिझेलवाल्यांसाठीच. डिपस्टिकवर पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली तर खूश होऊ नकोस. डीपीएफ तापवायला गाडी जादा डिझेल सोडते. तू घर ते बाग, बाग ते घर अशा छोट्या फेऱ्या मारतोस, मध्येच गाडी बंद करतोस, ते जाळणं अर्धवट राहतं आणि थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरात उतरतं. ऑइल पातळ होतं. म्हणून आठवड्यातून एकदा हायवेला लाग आणि अर्धा-पाऊण तास एका दमात चालव.

ऑइल कोणतं? मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. शेजाऱ्याने दिलेलं ट्रॅक्टरचं ऑइल ‘तेही डिझेलचंच की’ म्हणून घालू नकोस. डीपीएफच्या गाडीला कमी राख सोडणारं ऑइल लागतं. काजळी जळून जाते, ऑइलातली राख जळत नाही, ती त्या फिल्टरमध्ये कायमची बसते. आणि तो फिल्टर बदलायचा खर्च ऐकलास तर आंब्याचा एक हंगाम आठवेल.

नटाचं वायसर नवं घाल, दहा-वीस रुपयांचा जीव. नट पहिले चार आटे बोटांनीच फिरला पाहिजे. अडला तर काढ, पूस, पुन्हा लाव. मग मॅन्युअलमधल्या टॉर्कइतकाच, म्हणजे सांगितलेल्या जोराइतकाच, आवळ. लांब पाइप लावून ताकद दाखवलीस तर आटे जातील आणि मग चेंबरच उतरवावं लागेल. फिल्टरबरोबर नवी रबरी रिंग येते, तिला नव्या ऑइलचं बोट लाव, आणि जुनी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना ते चाचपून बघ. रिंगवर रिंग बसली की ऑइल भसाभसा बाहेर येतं.

ऑइल सांगितलेल्या मापापेक्षा थोडं कमी ओत. इंजिन चालू कर, ऑइलचा दिवा विझू दे, मिनिटभर चालव, बंद कर, दहा मिनिटं थांब, डिपस्टिक बघ, उरलेलं भर. आणि हे सगळं प्लेट न चढवता, बाजूला ठेवूनच कर. पुन्हा खाली सरक, नट आणि फिल्टर कोरड्या चिंधीने पुसून बघ. चिंधी कोरडी निघाली तरच प्लेट चढवायची. घाईत प्लेट आधी चढवणारे लोक मी पाहिलेत, दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा बोल्ट सोडत बसतात.

प्लेट लावताना बोल्टाच्या आट्यांना कॉपर ग्रीस लाव. सगळे बोल्ट हाताने अर्धे बसव, प्लेट जागेवर आली की मग एकेक आवळ. पहिलाच बोल्ट घट्ट केलास तर शेवटचा भोकात येणार नाही, तू तो तिरका घुसवशील, आणि चासीच्या आत वेल्ड केलेला नट सुटला तर तो आतल्या आत गरगर फिरत बसेल, धरायला जागाच नाही. पुढच्या खडबडीत फेरीनंतर सगळे बोल्ट एकदा तपास.

गाडी वॉरंटीत आहे, तेव्हा ऑइल-फिल्टरची बिलं जपून ठेव, तारीख आणि किलोमीटर मागे लिहून. किंवा वर्कशॉपमध्येच करून घे, पण प्लेट घरी उतरवून जा. मग वेगळे पैसे कशाचे मागतील?

काळ्या ऑइलबद्दल आप्पांशी वाद होणार हे मला माहीत आहे. कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी ते लावायची त्यांची जुनी सवय. या वेळी नको म्हण. तुमचा जांभा सच्छिद्र, पावसात ते झिरपत विहिरीकडेच जाणार. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणेही ते अधिकृत रिसायकलरकडेच जायला हवं. नव्या ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये भर, झाकण लाव. मी दिवाळीनंतर येतोय तेव्हा घेऊन जाईन, इथल्या गॅरेजमधून ते उचलून नेतात.

प्लेट उतरवलीस की वरच्या बाजूचा फोटो पाठव, आणि चेंबरपासूनचं अंतर पट्टीने मोजून कळव. पोचा काढायचा असेल तर मी आधीच प्रेसवाल्याशी बोलून ठेवतो.

आप्पांना व काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळ्या

ता. क. माझा १७ चा रिंग पाना गेल्या शिमग्यापासून तुझ्याकडे आहे. बहुतेक पंपाच्या खोलीत. शोध, वापर आणि परत दे.