धनुर्वाताच्या लशीविषयी आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

बागकाम करताना बाबांच्या तळहातात काटा खोलवर रुतला, त्यावर आई लगेच इंजेक्शन घ्या म्हणाली आणि बाबांनी ते टाळले, हे कळल्यापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही.

बाबा, काटा गंजलेला नव्हता म्हणून भीती नाही, हे म्हणणे बरोबर नाही. धनुर्वाताचे जिवाणू बीजाणूंच्या रूपात मातीत आणि शेणखतात वर्षानुवर्षे तग धरतात व हवा न पोहोचणाऱ्या खोल जखमेत वाढून विष तयार करतात. त्या विषाने जबडा आवळतो, पाठ ताठरते, श्वासही अडखळू लागतो. आणि मज्जातंतूंना एकदा चिकटलेले विष कोणत्याही औषधाने सुटत नाही. हा रोग माणसाकडून माणसाला होत नसल्यामुळे इतरांनी घेतलेल्या लशीचा आपल्याला काहीच आधार नसतो. इतकेच काय, रोगातून बरे झालेल्यालाही लस घ्यावीच लागते.

आई, मागच्या वेळी तुझा दंड सुजला होता, हे मी विसरलेले नाही. लशीत जिवंत जंतू नसतात, निष्प्रभ केलेले विष असते. तरी दंड दुखणे, सूज, थोडी कणकण हे होऊ शकते. तीव्र ॲलर्जी अतिशय क्वचित होते, पण तिच्यासाठीच सुई घेतल्यावर १५ मिनिटे तिथे थांबायचे असते. संरक्षण हळूहळू ओसरत असल्याने दर १० वर्षांनी बूस्टर, म्हणजे संरक्षण पुन्हा वाढवणारा डोस, लागतो. मात्र वारंवार डोस घेतल्यास अख्खा दंड सुजू शकतो, म्हणून प्रत्येक खरचटण्याला सुई नको, हे बाबांचे म्हणणे मला पटते. किरकोळ, स्वच्छ जखमेला शेवटचा डोस होऊन १० वर्षे झाली असतील तरच, आणि खोल किंवा माती गेलेल्या जखमेला ५ वर्षे झाली असतील तर बूस्टर देतात.

पण हा हिशोब सुरुवातीचे तीन डोस पूर्ण झालेल्यांसाठी आहे. तुमच्या दोघांचीही तशी नोंद सापडत नाही, आणि नोंद नसेल तर डोस झालेच नाहीत असे धरतात. मग पहिल्यानंतर ४ आठवड्यांनी दुसरा आणि पुढे ६ ते १२ महिन्यांनी तिसरा डोस घ्यावा लागतो. बाबांच्या जखमेसारख्या जखमेला इम्युनोग्लोब्युलिनही (विषाला निष्प्रभ करणाऱ्या तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) लागू शकते. लक्षणे बहुधा ३ ते २१ दिवसांत दिसतात, त्यामुळे जखम वरून बुजली असली तरी बाबांनी आजच डॉक्टरांकडे जावे. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे, हे त्यांना सुई घेण्याआधी सांगावे. आई, तूही सोबत जा, स्वतःच्या डोसांविषयी डॉक्टरांना विचार आणि दोघांच्या तारखा लिहून मला कळव.

तुमची लेक