दादा, आभार मानू नको म्हणालात तरी मानतेय

दादा नमस्कार,

नाव लिहायचं नाही असं बजावलंयत म्हणून लिहीत नाही, पण ग्रुपवरच्या निम्म्या पोरांना कळेलच, कारण रात्री अकराला "जाहिरात परत वाच" असा मेसेज फक्त तुमचाच येतो. तर मी रुजू झाले. लिपिक, आवक-जावक टेबल.

बाकीच्यांना प्रकरण माहीत नाही म्हणून सांगते. मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, मशीन लावते. 2016 च्या कायद्याने सरकारी भरतीत दिव्यांगांना 4 टक्के आरक्षण, त्यातला 1 टक्का कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांचा, सर्टिफिकेट किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं लागतं. परीक्षा, टायपिंग, डीव्ही म्हणजे कागदपत्रांची तपासणी, सगळं नीट झालं आणि मेडिकलला डॉक्टरांनी आधी मशीन काढून ठेवायला लावलं, स्वतःच्या तोंडाला मास्क, खाली मान घालून काहीतरी पुटपुटले, मी म्हटलं "काय सर?" झालं! अनफिट. म्हणजे ऐकू येत नाही म्हणून जागा राखीव आणि ऐकू येत नाही म्हणून त्याच जागेला अपात्र. मग तो 1 टक्का भरायचा कुणी, चांगलं ऐकू येणाऱ्यांनी?

आमचे अण्णा तर ओळखीच्या पुढाऱ्याकडे निघालेच होते. मी तुम्हाला त्या पत्राचा फोटो पाठवला, तुमचा रिप्लाय आला, "अगं मला दिसत नाही, फोटोतलं माझा मोबाईल वाचत नाही, टाइप कर." आणि तुमची व्हॉइस नोट आली तर मला काय डोंबल ऐकू येणार! मग तुम्ही बोलून टाइप करायला लागलात आणि मोबाईल 'फेरतपासणी'ची 'फेर कपाशी' करायला लागला, त्या टेन्शनमध्ये पण हसले मी. पण पत्र टाइप करताना शब्द न् शब्द वाचला तेव्हा दिसलं की त्यात कारणच नाहीये. कुठलं काम जमणार नाही, कशावरून, काहीच नाही, नुसतं अनफिट आणि शिक्का.

तुम्ही लगेच विचारलंत, जाहिरातीच्या तक्त्यात पदासमोर एचएच, म्हणजे कमी ऐकू येणारे, असं आहे का? होतं. मग झालं की, हे काम कमी ऐकू येणारा माणूस करू शकतो हे भरती काढतानाच ठरलंय, आता बघायचं ते एवढंच की मशीन लावून, थोडी सोय करून दिली तर तुला ते जमतं का. हा फरक क्लासवाल्या सरांनी पण कधी सांगितला नव्हता. टक्केवारी कोट्यासाठी, आणि काम जमतं का हा प्रश्नच वेगळा. ओमकार गोंडचा निकाल पण तुम्हीच शोधून दिलात, ऑक्टोबर 2024, सुप्रीम कोर्ट. तो एमबीबीएस प्रवेशाचा होता, नोकरीचा नाही, पण त्यात स्पष्ट आहे की नुसत्या टक्केवारीवरून कुणाला अपात्र ठरवता येत नाही, तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाने त्या माणसाला ते झेपतं का हे तपासायचं आणि नाही म्हणायचं तर कारण लिहायचं.

फेरतपासणीचा अर्ज तुम्ही एका पानात बसवायला लावलात. 'गरीब घरची मुलगी', 'कृपाळू होऊन' असलं एक अक्षर येऊ दिलं नाहीत, "भीक मागत नाहीयेस, कायदा दाखवतेयस" म्हणालात. एक प्रत भरतीच्या ऑफिसला, एक पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. ती पोच घेताना खिडकीवरच्या बाईंनी असं बघितलं माझ्याकडे, पण दिली.

फेरतपासणीत बेरा टेस्ट परत केली. डोक्याला वायरी चिकटवून पडून राहायचं, त्यात नाटक चालत नाही, कानाकडून मेंदूपर्यंत काय पोचतं ते मशीनच सांगतं. मला राग नाही आला. 2024 मधल्या बोगस सर्टिफिकेटच्या आरोपाच्या त्या पुण्याच्या प्रकरणानंतर सर्टिफिकेटं कडक तपासतात ते बरंच आहे, बोगसवाले आमच्याच जागा खातात. फक्त तपासणी कागद खरा आहे का याची करा, आम्ही नॉर्मल आहोत का याची नको. या वेळच्या मॅडमनी मास्क खाली घेतला, समोर बसून बोलल्या, माझ्या पदाला कामं काय काय असतात ते विचारलं आणि लिहिलं, श्रवणयंत्रासह पात्र.

आता फोन शेजारचे काका घेतात आणि त्यांचं टायपिंग मी करते, साहेबांनी पहिल्याच दिवशी लावून दिलं, त्याला एक रुपया खर्च आला नाही.

आणि दादा, तुमच्या प्रमोशनचं काय झालं? केंद्राने 2022 मध्ये प्रमोशनमधल्या 4 टक्क्यांचा आदेश काढला तो तुम्हीच ग्रुपवर टाकला होतात, आणि स्वतःची फाईल मात्र तुमच्या ऑफिसात तशीच पडलीय असं वहिनी म्हणाल्या. मुद्दे बोलून पाठवा, कपाशी आली तरी चालेल, अर्ज मी टाइप करते. एका पानात.

तुमची,
आवक-जावकवाली